बजीच्या पायातली रिंग पुन्हा पुन्हा रुततेय? कापायला घेण्याआधी हे तपासा

पावसाळा लागला की आमच्या ठाण्यातल्या पक्षी पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार यायला लागते. पायातल्या रिंगखाली सूज आलीय, पक्षी एक पाय पोटाशी धरून बसतोय, रिंग चोचीने सारखी कुरतडतोय. मागच्या वेळी खपली काढली तेव्हा बरं वाटलं होतं, आता पुन्हा तेच. आणि पाठोपाठ प्रश्न असतोच: घरात चांगलं नेलकटर आहे, त्याने कापून टाकू का?

रिंग कशाची आहे आणि पाय कोणत्या अवस्थेत आहे, यावर याचं उत्तर ठरतं. पण एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. रिंग काढताना पक्ष्याचा पाय मोडतो तो कापल्यामुळे नाही, रिंग फिरल्यामुळे. बजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा रंगीत पोपट. त्याचं अख्खं वजन ३० ते ४० ग्रॅम, आणि रिंग ज्या हाडावर बसते ते काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. नेलकटर किंवा वायर कटर दाबला की ॲल्युमिनियम तुटण्याआधी वाकतं, रिंग एका बाजूला कलते, आणि आत जागा नसेल तर तिच्याबरोबर हाडही पिळलं जातं. हाताला ‘कट्’ असं जाणवतं ते रिंगचं की हाडाचं, हे त्या क्षणी कळतही नाही. पक्षी सोडला की तो दांडीवर बसायला जातो आणि पाय लुळा पडलेला दिसतो.

रिंग कोणती आहे?

आपल्याकडे बजी, कॉकटेल आणि लव्हबर्ड (हेही लहान पोपटच), फिंच (चिमणीसारखा बारीक पक्षी) यांच्या पायात साधारण तीन तऱ्हेच्या रिंगा दिसतात.

पहिली बंद रिंग. ॲल्युमिनियमची, कुठेही जोड नसलेली, वर ब्रीडरचं चिन्ह, वर्ष आणि नंबर. पिल्लू साधारण पाच ते दहा दिवसांचं असताना, बोटं मऊ असतात तेव्हा, पुढची दोन बोटं आधी घालून आणि मागची दोन पायाला चिकटवून ही रिंग सरकवतात. कॉकटेलसारख्या मोठ्या पिल्लांना ती थोडी उशिरा घालतात. म्हणूनच ती मोठ्या पक्ष्याच्या पायातून परत निघत नाही. साबण लावा, खोबरेल लावा, नाही निघणार. ओढाल तर बोट निखळेल. बजीसाठी ही रिंग आतून साधारण ४ मिलिमीटरची असते. त्यात पाय, त्वचेचे खवले आणि हलायला थोडी मोकळीक एवढंच मावतं. खवले जरा जाड झाले की ती मोकळीक संपते.

दुसरी उघडी धातूची रिंग. तिला एक फट असते. फट दिसली की माणसाला वाटतं बोटांनी फाकवली की झालं. तसं होत नाही. फाकवताना एक टोक सुटतं, दुसरं त्वचेत घुसतं, आणि पुन्हा तेच, रिंग फिरते.

तिसरी प्लास्टिकची, रंगीत. एक तर चपटी, फटीची, नाही तर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. दुकानदार जोड्या ओळखायला किंवा नर-मादी लक्षात ठेवायला ही घालतात. घरी आल्यावर तिचा काही उपयोग नसतो. माझं स्पष्ट मत आहे की ही रिंग पाय निरोगी असतानाच काढून टाकावी, रुतायची वाट बघू नये. बंद रिंगेचं मात्र तसं नाही. ती मोकळी असेल, पाय स्वच्छ असेल, तर राहू द्या. घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून उडून गेलेला पक्षी कुणाच्या हाती लागला, तर तो तुमचाच हे सांगणारा पुरावा तेवढाच असतो.

पाय कसा आहे?

पक्षी हातात न धरता बघायची एक सोपी रीत आहे. पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा, पक्षी त्यात पाच मिनिटं ठेवा आणि मोबाइलने खालून फोटो काढा. दोन्ही पायांचे काढा. रिंग नसलेल्या पायाशी तुलना केल्याशिवाय निदान होत नाही.

निरोगी पायावर रिंग वरखाली सरकते, गोल फिरते, आणि तिच्या खालून उजेड दिसतो. रिंगच्या कडेला राखाडी पापुद्रे साचलेत पण पाय दुसऱ्या पायाइतकाच बारीक आहे, बोटं गुलाबी किंवा त्याच्या नेहमीच्या रंगाची आहेत, तर थोडा वेळ हाताशी आहे. येत्या दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा. रिंगच्या खाली किंवा वर गाठीसारखी सूज असेल, रिंग हलत नसेल, पक्षी त्या पायावर वजन टाकत नसेल, तर आजच. आणि बोटं जांभळी, काळपट किंवा गार लागत असतील, रक्त येत असेल, रिंग वरच्या सांध्यावर चढून अडकली असेल, मागचं बोट रिंगमध्ये अडकलं असेल, तर आत्ता, या घटकेला. रक्तपुरवठा तुटलेला पाय रात्रभर थांबत नाही. मागचं बोट अडकण्याचा प्रकार फिंचमध्ये जास्त बघितलाय, कारण बारीक पायाला मोठी रिंग घालतात.

सूज बोटांच्या सांध्यांवर असेल आणि पांढरट गोळ्यांसारखी दिसत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यात रिंगेचा दोष नसतो, पण डॉक्टरांकडे जायचंच.

पुन्हा पुन्हा का होतं?

आमच्या मजल्यावरच्या काकूंचा निळा बजी याचं नेमकं उदाहरण. त्या म्हणाल्या, “दादा, दर महिन्याला मी खपली काढते हो, तरी परत येते.” फोटो मोठा करून बघितला. रिंगच्या वरच्या कडेला चुनकळीसारखा थर होता, आणि त्यात एक पांढरा धागा, केसाइतका बारीक, दोन वेढे घेऊन बसलेला. कापसाच्या काडीने पाय पुसायच्या त्या. काडीचा कापूस रिंगच्या कडेला अडकायचा, पक्षी ओढायचा, पिळ बसायचा. म्हणजे जे खपली काढायला वापरत होत्या तेच पाय आवळत होतं.

म्हणून पाय पुसायला कापूस नको, गॉझचा तुकडा घ्या. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवा, गॉझ ओला करून पायावर दोन मिनिटं धरा, जे आपोआप सुटेल तेवढंच सुटू द्या. नखाने, टाचणीने, टूथब्रशने खरवडू नका. खालची त्वचा फाटली की सूज वाढते आणि रिंग आणखी घट्ट होते. पिंजऱ्यावर टाकलेले जुने टॉवेल आणि गोणपाट काढून टाका, त्याचेही धागे सुटतात. फिंचच्या घरट्यात कापूस अजिबात घालू नका, काथ्या किंवा सुकं गवत पुरे.

धागा नसेल तर दोन मुख्य कारणं उरतात, आणि काही वेळा ती जोडीने असतात. एक, खाणं. नुसतं राळं आणि बाजरी खाणाऱ्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही, आणि त्याची एक खूण त्वचेवर दिसते, खवले जाड आणि कोरडे होतात. किसलेलं गाजर, लाल भोपळा, पालक, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, यातलं काहीतरी रोज द्या. पहिले काही दिवस तो तोंड लावत नाही, तरी रोज ठेवा, उरलेलं दुपारी काढून टाका. पावसात ओली भाजी लवकर आंबते.

दुसरं कारण पायाचे किडे. डोळ्यांना न दिसणारे माइट त्वचेत बिळं करतात आणि पायावर, नाकाच्या वरच्या मांसल भागावर, चोचीच्या कडेला स्पंजसारखी छिद्रछिद्रांची खपली येते. बजीत हे फार होतं. यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं, पण थेंब वजनाच्या हिशोबाने डॉक्टरच देतात. कुत्र्याच्या गोचिडीचं औषध, डांबर गोळी, केरोसीन यातलं काही पक्ष्याजवळही नेऊ नका. खोबरेलही नको, पिसांना लागलं की ऊब धरायची त्यांची ताकद जाते. आणि हळद. घरात काही झालं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पायाला हळद भरली की त्वचेचा खरा रंग झाकला जातो, आणि जांभळा की गुलाबी हेच तर डॉक्टरांना बघायचं असतं.

घरी काय काढता येतं

फक्त प्लास्टिकची रिंग. तीही मोकळी हलत असेल, सूज नसेल, पक्षी तजेलदार असेल तरच. बारीक फिंच असेल तर मी घरी करायचा सल्ला देत नाही. त्याचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास, हातात धरण्याचा ताणच त्याला पुष्कळ होतो.

दोन माणसं लागतात. खोली बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, गॅसवर काही उकळत नाही हे बघितलेलं. पिंजऱ्यातून पक्षी काढताना दिवा मालवा, अंधारात तो शांत राहतो. हातात आल्यावर दिवा लावा. धरायला जुना सुती पंचा घ्या, टॉवेल नको, नखं अडकतात. त्याची पाठ तळहातावर, मान पहिल्या दोन बोटांच्या मध्ये, बाकीची बोटं सैल. छाती कधीही दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. छाती आवळली की तो तोंड उघडं असतानाही गुदमरतो, आणि आपल्याला वाटतं शांत झाला.

दुसऱ्या माणसाने त्याचं पाऊल दोन बोटांत धरायचं, ओढायचं नाही. स्प्रिंगसारखी रिंग असेल तर तिचं एक टोक नखाने उचला आणि पायाभोवती उलट्या दिशेने उलगडत न्या. कापायची गरजच पडत नाही. चपटी असेल तर बारीक टोकाची, धार असलेली कात्री लागते, भरतकामाची असते तशी. पात्याचं टोक रिंगच्या आत हाडाला समांतर सरकवा, आडवं कधीच नाही, आणि रिंगची दुसरी बाजू तुमच्या बोटाच्या चिमटीत घट्ट धरून ठेवा म्हणजे ती फिरणार नाही. एका झटक्यात कापू नका, थोडं थोडं. जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं, तुकडा उडाला तर कडा धारदार असते.

पात्याचं टोक सहज आत जात नसेल तर थांबा. ती घरी काढायची रिंग नाही. पक्षी चोच उघडून धापा टाकत असेल, शेपटी श्वासासोबत खालीवर होत असेल, तरी थांबा, पिंजऱ्यात सोडा, तास-दोन तासांनी पुन्हा बघा. दोन-तीन मिनिटांत काम झालं नाही तर सोडून द्यायचं, एवढं आधीच ठरवून बसा.

रक्ताचा हिशोबही माहीत असू द्या. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात साडेतीन मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. सहा-सात थेंब गेले तर निरोगी पक्षी भरून काढतो, त्यापुढे धोका सुरू होतो. रक्त दिसलं तर गॉझ लावून दोन बोटांनी हलकं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, आणि डॉक्टरांकडे निघा. नखातून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर चालतं, उघड्या जखमेत भरायचं नाही.

पक्षी रिंगसकट पिंजऱ्यात अडकून लोंबकळत असेल तर एकच लक्षात ठेवा: आधी त्याचं अंग तळहातावर पेला, मग पिंजऱ्याची तार किंवा खेळण्याची साखळी पकडीने कापा. रिंगला हात लावू नका. अंग पेललं की पायावरचा ताण जातो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

सोनाराकडे न्यावं का?

हा प्रश्न मला जांभळी नाक्याच्या, नौपाड्याच्या लोकांकडून हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. माणसाच्या बोटात अडकलेली अंगठी सोनार कापून देतो, तिथे बारीक अवजारं असतात, हात स्थिर असतो. पण त्याच्या कटरची खालची पट्टी अंगठी आणि बोट यांच्यामध्ये जाते, म्हणून बोट वाचतं. बजीच्या रुतलेल्या रिंगखाली ती पट्टी जायला जागा नसते. चाकाने कापलं तर धातू तापतो आणि ती उष्णता थेट हाडाला लागते. आणि पक्षी जागा असतो, नेमक्या वेळी झटका देतो.

डॉक्टर वेगळं काय करतात, तर त्या झटक्याचा आणि फिरण्याचा बंदोबस्त. बहुतेक वेळा मास्कमधून आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल देतात, पक्षी मिनिटाभरात सैल पडतो आणि बंद केल्यावर काही मिनिटांत उठून बसतो. रिंग दोन्ही बाजूंनी बारीक चिमट्यांनी धरून ठेवतात, भिंगाखाली समोरासमोर दोन जागी कापतात, आणि ती दोन अर्ध्या तुकड्यांत सुटते. वाकवावी लागत नाही, म्हणून हाडावर जोर येत नाही. स्टीलची रिंग असेल तर बारीक ड्रिल वापरतात, पाणी सोडत सोडत.

सगळे प्राण्यांचे डॉक्टर पक्षी बघत नाहीत. त्यामुळे निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: पक्षी बघता का, गॅसची भूल आहे का, रिंग कापायचं अवजार आहे का. पक्षी नेमका कोणता तेही सांगा. दुकानात लव्हबर्ड म्हणून दिलेला पुष्कळदा बजी असतो, आणि भूल नि औषध दोन्ही वजनावर ठरतात. किचनच्या वजनकाट्यावर डब्यासकट वजन करून नेलंत तर उत्तम. उपाशी ठेवायचं का हेही त्यांनाच विचारा. इतका छोटा पक्षी रात्रभर उपाशी ठेवणं धोक्याचं असतं.

ठाण्यात, वाशी-नेरूळला पक्षी बघणारे दवाखाने आहेत, पण जवळ कुणी मिळालं नाही तर परळ गाठा. तिथे १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय एकाच आवारात आहे. आधी फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा. ठाण्याहून स्लो लोकल थेट परळला जाते, नवी मुंबईहून हार्बरने कुर्ल्याला उतरून बदलायची. गर्दी टळल्यावर निघा. पक्षी लहान डब्यात, वर पातळ कापड, आत पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची चकती. दांडी काढून ठेवा, खाली घडी घातलेला पंचा.

रिंग निघाल्यानंतर

इथे लोक घाबरतात. आवळलेली रिंग सुटली की पाय लगेच बारीक होत नाही, काही वेळा पहिल्या दिवशी सूज उलट वाढते आणि थोडं रक्तही येतं. अडलेला रक्तप्रवाह सुरू झाल्याची ती खूण असू शकते, तरी डॉक्टरांना कळवा. रिंग फार दिवस रुतली असेल तर खालचं एखादं बोट नंतर वाळून गळतं. एक बोट गेलेला, अगदी एक पाय गेलेला पक्षीसुद्धा नीट जगतो, फक्त त्याच्या दांड्या बदलाव्या लागतात.

आठवडाभर पिंजरा साधा ठेवा. दांड्या अगदी खाली, त्यावर गॉझची पट्टी गुंडाळलेली आणि टोक आत दुमडलेलं. तळाशी कागद, भुसा नको. एसीची झोत लागणार नाही अशी उबदार जागा. वेदनेची गोळी माणसाची कधीही देऊ नका, अर्धी नाही, कणभरही नाही. पायाचा फोटो रोज त्याच जागी, त्याच उजेडात काढा, फरक डोळ्यांपेक्षा फोटोत लवकर कळतो. नंतर दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या लावा. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून चालतात.

जंगली पक्ष्याच्या पायातल्या रिंगेचं काय, हेही विचारलं जातं. ऐरोली-भांडुप बाजूला खाडीत येणाऱ्या काही फ्लेमिंगोंच्या आणि इतर पक्ष्यांच्या पायांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अभ्यासासाठी घातलेल्या रिंगा असतात. त्या काढायच्या नसतात. नंबर टिपून संस्थेला कळवा. जखमी पक्षी सापडला, किंवा कुणाकडे पायात तार बांधलेला आपला देशी पोपट दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगा. देशी पोपट आणि मुनिया पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

आणि कागदपत्रं. बंद रिंग काढायच्या आधी तिचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. कापलेले दोन्ही तुकडे छोट्या पाकिटात तारखेसकट ठेवा, आणि रिंग वैद्यकीय कारणाने काढली असं डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. बजी आणि कॉकटेल साइट्स (CITES) या, धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना हे फक्त तुमच्या नोंदीसाठी. पण सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, जावा चिमणी किंवा फिशर लव्हबर्ड असेल, तर ते त्या यादीतले आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणीत रिंगचा नंबर दिलेला असेल, तर ती का काढली हे दाखवायला तो फोटो आणि ते पत्र लागेल.